शिवण्याआधीची मोजणी

माझी थोरली बहीण परदेशातल्या युद्धाच्या इस्पितळात दोन वर्षं नर्स होती. ऑपरेशनमध्ये आत घातलेले गॉजचे तुकडे पोट शिवण्याआधी मोजायचे, हे तिचं काम. एकदा एका सैनिकाच्या पोटात बारा आत गेले आणि अकराच बाहेर आले. तिने ते मोठ्याने सांगितलं. पण बाहेर जखमींची रांग लागली होती. सर्जन खेकसले, "सिस्टर, तुम्हाला मोजता येत नाही," आणि त्यांनी पोट शिवून टाकलं. आत राहिलेल्या गॉजमुळे आठव्या दिवशी तो सैनिक गेला. अहवालात सर्जननी लिहिलं, नर्सची मोजणी चुकली. ताईला घरी धाडलं.

लोक म्हणायचे, विसरून जा. का विसरायचं? ती विसरली नाही आणि मीही तिला विसरू दिलं नाही.

वीस वर्षांनी हेच सर्जन आतड्याच्या ऑपरेशनसाठी ताई आता नर्स होती त्याच इस्पितळात आले. स्ट्रेचरवरून त्यांनी तिला ओळखलं आणि ते पांढरेफटक पडले.

"सिस्टर, आज मोजायला कोण आहे?"

"मीच. जिला मोजता येत नाही ना, तीच!"

तिने गॉज तीनदा मोजले. सगळे बाहेर आले होते. शुद्धीवर येताच सर्जननी विचारलं, "मोजणी जुळली ना?"

"आधी तो अहवाल दुरुस्त करा, मग सांगते."

महिन्याभरात त्यांच्या सहीचं दुरुस्तीपत्र आलं. ताईने ते दोनदा वाचलं, कपाटात ठेवलं आणि त्यांना काहीही कळवलं नाही. पोटात जरा कळ आली की ते इस्पितळात धावत यायचे.

"सिस्टर, आता तरी सांगा!"

"दुखतंय का?" एवढंच ती विचारायची.