मायसाठी परकं घर शोधताना

काकू, आम्ही निघालो त्या सकाळी जीप दारात उभी होती आणि माय चढायची, उतरायची, परत चढायची. "दोन दिसांत येते. गाभण शेळीला तेवढं बघा," असं तिनं तुम्हाला बजावलं. तुम्ही "बरं अक्का" म्हणालात आणि पदर तोंडाला लावलात. दोन दिवसांचं काही नाही, हे मायला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चूल पेटवून निघून जाणारी, बाजार नसताना बाजाराला म्हणून पूर्णेच्या रस्त्याला लागणारी बाई ताडकळसात एकटी ठेवायची कशी? तुम्ही तरी किती धावणार होतात तिच्यामागं?

पूर्णेला रेल्वेत बसलो. लग्न होऊन पुण्याला निघाले तेव्हाही अशीच गाडी होती. तेव्हा खिडकीतून माझा हात धरून माय म्हणाली होती, "नंदे, आता तूच येत जा. मी काई लेकीच्या घरी ऱ्हायला यायची न्हाई." सगळ्याच आया म्हणतात तसं, मी काही मनावर घेतलं नाही. या वेळी पिंगळी स्टेशन आलं तशी ती उठून दाराकडं निघाली. "मला उतरू दे. शेळ्या यायच्या वखताला घरी पायजे मी." मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. परभणी गेल्यावर ती परत जागेवर बसली.

आता हडपसरचं ऐका. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. मी कॉलेजच्या ऑफिसातून रजा काढली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा, तिला आवडतं ते सगळं केलं. ताट ठेवलं की माय म्हणायची, "घरून खाऊन आले बाई. पोट गच्च हाय." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. माझ्या नवऱ्याची चाहूल लागली की पदर डोक्यावर ओढून उभी राहायची, "जावईबापू आले" म्हणून. ते बिचारे साधे. सासूबाईंना मोकळं वाटावं म्हणून आतल्या खोलीत दार लावून जेवायला लागले, आपल्याच घरात चोरासारखे! तरी माय जेवली नाही. शेळ्या यायच्या वेळेला पिशवी भरून उंबऱ्याशी बसायची. "येते गं नंदे. लय दिस झाले."

म्हणजे बघा, दादा, माझे वडील, वारल्याचं ती विसरली होती. माझ्या पोरीचं, स्वतःच्या नातीचं नाव विसरली होती. पण लेकीच्या घरचं खायचं नाही, हे मात्र पक्कं! सगळं सांडून गेलं आणि नेमकं हेच कसं उरलं, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, घरचं वातावरण द्या, प्रेमानं भरवा. आता बाई, मी काय प्रेमाला कुलूप लावून ठेवलं होतं? तिच्या चोळ्या ढगळ झाल्या, गळ्याची हाडं वर आली. माझी माय माझ्या घरात उपाशी मरत होती आणि मला काही करता येत नव्हतं. रजा संपून कामावर जायला लागले तेव्हा संध्याकाळी घरी यायचीच भीती वाटायची.

मग शोध सुरू केला. इथं विसरभोळेपणाच्या आजाराच्या माणसांसाठी वेगळी घरं असतात, मेमरी केअर म्हणतात. पहिलं म्हणजे हॉटेलच. चकचकीत फरशी, दाराला नंबरचं कुलूप. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मदरच्या हॉबीज काय आहेत?" म्हटलं, शेळ्या. त्या हसल्या, मला काही हसू आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी भर दुपारी सगळे पलंगावर पडलेले, टीव्ही मोठ्यानं लावलेला आणि असा वास, की मी दारातूनच मागं फिरले.

तिसरं सासवडच्या रस्त्याला होतं. बैठी इमारत, फाटक बंद, पण आत फिरायला मोठं अंगण. मायला बरोबरच नेलं होतं, घरी कुणाजवळ ठेवणार? जेवणाची वेळ होती. व्हरांड्यात पंगत बसलेली. वाढणाऱ्या बाईनं मायपुढंही ताट ठेवलं. मायनं माझ्याकडं बघितलं.

"नंदे, हे तुजं घर हाय का?"

"नाही गं."

"जावईबापूचं?"

"त्यांचंपण नाही."

"मग कुणाचं?"

"लोकांचं."

तिनं ताट पुढं ओढलं. वरण, भात, कोबीची भाजी. कोबी तिला जन्मात आवडला नाही, पण तो तिनं संपवला आणि वर मागून घेतला. "भाकर न्हाई का व्हय?" असं वाढणारीला विचारलंसुद्धा. मी खांबाला टेकून बघत होते. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण माझी अंबाडी परत जायची आणि परक्यांचा कोबी गोड लागला!

लोक अशा ठिकाणी विचारतात, डॉक्टर रोज येतात का, कॅमेरे आहेत का. मीही सगळं विचारलं. पण माझं मन त्या ताटापाशीच ठरलं होतं. मायसाठी मला असं घर पाहिजे होतं, जे माझं नाही.

मागं तुम्ही फोनवर सांगितलंत, "लोक म्हणायलेत, नंदीनं मायला आश्रमात टाकली." टाकली! फडकं आहे का टाकायला? त्यांना सांगा, माय दोन्ही वेळा पोटभर जेवते, गाल वर आलेत तिचे. नंदीला मात्र आपल्या घरात करमत नाही, ताट वाढून घेतलं की घास फिरतो, हे सांगू नका. त्यांना बोलायला तेवढंच मिळेल.

आणि तुम्ही विचारता, गावाकडं कधी येतीस? तुमच्याकडं येईन की. पण घराला कुलूप आहे, आणि माहेर म्हणजे काय भिंती असतात? माय जिथं, तिथं माहेर. ते आता सासवडच्या रस्त्याला गेलंय, आणि तिथं मला कधी ओळखतात, कधी नाही.

या रविवारी गेले तर ती अंगणात बसली होती. "ये बाई, बस," म्हणाली. "कोणत्या गावची?"

"ताडकळसची."

"आमच्याच गावची की!" चेहरा कसा फुलला! मग हळूच म्हणाली, "लेक हाय मला पुण्याला. लय बोलवती. पर मी न्हाई जात."

"का हो?"

"मी तिथं खात बसले तर तिला सासरी बोल लागंल ना. गरीब हाय माजी नंदी. उलटून बोलायची न्हाई कुणाला."

माझ्या सासरी बोल लावणारं आता कुणी उरलेलंसुद्धा नाही हो काकू. इतके दिवस मला वाटायचं, ही माझं अन्न नाकारतेय. ती मला सांभाळत होती, स्वतः उपाशी राहून. मला काही आवरलं नाही.

"रडतीस कशाला?" तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुला माय हाय का?"

"हाय."

"मग जात जा तिच्याकडं. वाट बघत असंल."

"जाते की," म्हटलं, आणि तिथंच तिच्याशेजारी बसून राहिले.