मामाच्या रिकाम्या फांद्या

माझ्या मामाच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर फांद्या आहेत. वाळलेल्या, हिरव्या, काटेरी, आणि मधूनच एखादी विजेची तार. सगळ्या चौकटीत बसवलेल्या, सगळ्या अगदी स्वच्छ आलेल्या. कुणी नवखा पाहुणा आला की मामा उठून ओळख करून देतो, "ही खंड्याची फांदी. ही बुलबुलाची. हिच्यावर तांबट होता, चांगला गुबगुबीत." पाहुणा चष्मा पुसून पक्षी शोधत राहतो. पक्षी नसतोच. तो मामाचा आवाज ऐकून केव्हाच पसार झालेला असतो.

हे समजायचं तर आधी मामाचा धंदा समजून घ्यावा लागेल. मामाचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाबिग्नाचे फोटो त्याने कधी काढले नाहीत, फक्त ओळखपत्राचे. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, भिंतीला आरसा आणि आरशाखाली दोरीने बांधलेला कंगवा, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मामा म्हणायचा, "हनुवटी वर. दोन्ही कान दिसू द्या. इकडे बघा. हलू नका!" हे शेवटचं 'नका' तोंडातून सुटलं की त्याच क्षणी त्याचं बोट बटण दाबायचं. न्यायाधीश त्या स्टुलावर ताठ बसले, खाटीक बसला, आणि मी तर परीक्षेच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी बसले. दर वेळी माझे डोळे मिटायचे आणि मी बोलणी खायची. "डोळे मिटायला घर आहे, इथे ते उघडायचे असतात," हे ऐकवताना त्याने सख्ख्या भाचीलाही कधी सोडलं नाही.

पुढे लोक आपापल्या मोबाईलवर आपापली तोंडं टिपायला लागले आणि स्टुडिओ बंद झाला. मामा घरी बसला. नुसता बसला असता तर बरं होतं. तो मामीच्या स्वयंपाकघरात शिरला. डबे उंचीप्रमाणे उभे केले, सगळ्यांची तोंडं समोर. मामीला साखर सापडेना, मग दोघांचे खटके उडायला लागले. संध्याकाळी मात्र तो कॅमेरा काढायचा, फडक्याने पुसायचा आणि एकही फोटो न काढता परत ठेवून द्यायचा. मला ते बघवायचं नाही. मामीलाही बघवत नसणार, पण फोनवर ती एवढंच म्हणाली, "तू रविवारी पाखरं बघायला जातेस ना? ह्यांनाही ने. नाहीतर एक दिवस मीच उडून जाईन."

आमच्या पक्षी मंडळाच्या प्रमुख म्हणजे बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या. परीक्षेच्या वर्गात त्या रबरी तळव्याच्या चपला घालून फिरायच्या. कॉपी करणाऱ्याला बाई मागे उभ्या आहेत हे कागद हातातून गेल्यावरच कळायचं. पक्ष्यांच्या फेरीतही तीच शिस्त. बोलायचं नाही, खोकायचं नाही, भडक कपडे घालायचे नाहीत. पहिल्याच रविवारी मामा पांढरा शुभ्र शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून आला. बाईंनी त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांच्या शेवटी उभं केलं.

तळ्याच्या काठी खुंटावर खंड्या बसला होता. ऊन पडलेलं, पक्षी निवांत. सगळ्यांनी श्वास रोखून कॅमेरे उचलले. आणि मागून खणखणीत आवाज आला, "इकडे बघा. हलू नका!"

खंड्या तळ्याच्या पलीकडे गेला. बाईंनी मान वळवली. मी दुसरीकडे बघायला लागले, जणू हा माणूस माझा कुणी नव्हेच.

"मामा, अरे तो गिऱ्हाईक आहे का?" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"मग काय, न सांगता काढायचा? कुणाचा असा गुपचूप फोटो काढणं बरं दिसतं का?"

एकदा नव्हे, दर रविवारी हेच. बुलबुल गेला, तांबट गेला, बगळ्यांचा अख्खा थवा गेला. मंडळातले लोक माझ्याशी तुटक बोलायला लागले. मामाचा हट्ट आणखी वेगळाच. पक्ष्याचा फोटो बाजूने काढायचा हे त्याला पटेचना. "अर्धं तोंड? असा अर्ज कुणी घेईल का?" शेवटी बाईंनी सांगून टाकलं, "फोटोवाले, आता तुमच्यामुळे एक जरी पक्षी उडाला, तरी तुमचं इथे येणं बंद."

मामा हसला नाही. एरवी तो असं काही हसण्यावारी नेतो. मला तेव्हाच कळलं की रविवार हा त्याचा उरलेला एकमेव कामाचा दिवस आहे. शनिवारी संध्याकाळी तो शर्टाला इस्त्री करायचा. आता तर मातकट रंगाचा शर्टही आणला होता. हा दिवस गेला तर त्याच्याकडे डब्यांशिवाय काहीच उरणार नव्हतं.

उपाय मामीने काढला. निघताना पेपरमिंटची गोळी त्याच्या तोंडात कोंबायची आणि सांगायचं, "ही विरघळेपर्यंत तोंड उघडाल तर याद राखा." गोळीने तोंड बंद झालं, पण बोटही बंद झालं! समोर पक्षी, डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर, आणि मामा पुतळ्यासारखा उभा. "बोलल्याशिवाय दाबलंच जात नाही गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. कितीतरी रविवार तो गप्प आला आणि एकही फोटो न काढता गप्प गेला. बाई खूश होत्या. "सुधारणा आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, ही कसली सुधारणा, माणूस वाळत चाललाय.

मग पिंगळा सापडला. पाण्याच्या टाकीमागच्या जुन्या झाडाच्या ढोलीत, मुठीएवढं छोटं घुबड. ढोलीच्या तोंडाशी पाठ करून गाढ झोपलेलं. बाईंनी हातानेच सगळ्यांना रांगेत बसवलं. मामा अर्थात मागे. आम्ही थांबलो. ऊन चढलं, पायांना मुंग्या आल्या, पण पिंगळा काही तोंड दाखवेना.

मी सहज मागे पाहिलं. मामा कॅमेऱ्यातून बघत होता आणि त्याचा चेहरा विचित्र झाला होता. आता मला कळतं त्याला काय दिसत असेल ते. खाली माणसांची नीट रांग, वर मधोमध पिंगळा, आणि एकूण एक पाठमोरे. फोटोवाल्याला यापेक्षा मोठा छळ नाही. त्याने गोळी गिळली, हे मी घशाच्या हालचालीवरून ओळखलं. मी हात वर करेपर्यंत उशीर झाला होता.

"सगळ्यांनी इकडे बघा! हनुवटी वर! हलू नका!"

सगळे गर्रकन वळलो. कॅमेरा वाजला. पुन्हा ढोलीकडे वळेपर्यंत पिंगळा आत नाहीसा झाला होता.

बाई उठल्या. आवाज चढवायचा त्यांना सरावच नाही, त्यामुळे आणखी भीती वाटली. "फोटोवाले, पुढच्या रविवारपासून येऊ नका."

मामाने मान हलवली.  घरी आल्यावर गळ्यातला कॅमेरा काढून त्याने खुंटीला अडकवला आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसायला लागला. मामीने साखरेचा डबा मुद्दाम उलट्या तोंडाने ठेवला. त्याने तो सरळसुद्धा केला नाही. मला बाईंचा राग आला, मामाचा त्याहून जास्त आला, आणि रागाच्या भरातच मी त्याचा कॅमेरा संगणकाला जोडला.

मग मी हसत सुटले. मामी धावत आली, तीही हसून हसून खाली बसली.

सगळी रांग आमची. कुणी दात-ओठ खातोय, कुणाचं तोंड उघडं, मी नेहमीप्रमाणे डोळे मिटलेली. मधोमध बाई, ताठ, ओठांवर बोट. आणि त्यांच्या बरोबर वर पिंगळा. गोल डोळे वटारलेले, हनुवटी वर, चेहरा अगदी समोर. पिंगळा दचकला की मान अशीच वर करतो, हे मला ठाऊक आहे. पण मामाला ते सांगून काय उपयोग? त्याच्या मते पिंगळ्याने ऐकलं.

"गिऱ्हाइकाचा फोटो आपल्याकडे ठेवायचा नसतो," म्हणत त्याने प्रत काढली, जुन्या सवयीने पाकिटात घातली आणि मला घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. 

बाईंनी दारातच पाकीट उघडलं. फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हा माझ्यासारखा का दिसतोय?"

"तुम्ही दोघंच हलला नाहीत म्हणून," मामा म्हणाला.

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्या हसतात हे मला त्या दिवशी समजलं. मग त्यांनी फोटो पुन्हा जवळ धरला. "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी नसतोच. मी काढणारा."

"कशातच नसता?"

मामा आपल्या बुटांकडे बघायला लागला.  सगळ्या गावाचे चेहरे त्याने काढले, त्याचा कुणी काढला नाही. आम्ही घरच्यांनीही नाही. 

"रविवारी वेळेवर या," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी त्यांनी मामाला टाकीमागच्या झाडाखाली उभं केलं आणि त्याचाच कॅमेरा मागून घेतला. फांद्यांवर साळुंक्या, बुलबुल, पोपट, नुसता बाजार भरला होता. मंडळ श्वास रोखून उभं राहिलं. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि शाळेच्या मैदानाच्या पलीकडे पोचेल अशा आवाजात ओरडल्या, "हनुवटी वर! हलू नका!"

अख्खं झाड रिकामं झालं.

तो फोटो आता भिंतीवर आहे, खंड्याच्या आणि बुलबुलाच्या फांदीच्या मधोमध. मामाच्या मागे सगळ्या फांद्या मोकळ्या, स्वच्छ आलेल्या. हनुवटी वर, दोन्ही कान दिसताहेत. डोळे मात्र मिटलेले, आणि नीट पाहिलं तर थोडे ओले. असा फोटो त्याने कुठल्याही गिऱ्हाइकाला दिला नसता. बाई म्हणतात, दुसरा काढू. मामा काढू देत नाही.