पोत्यांमागची भिंत

वेल्ह्याकडचा पाऊस सरळ पडतच नाही. पश्चिमेकडून आडवा येतो आणि त्याची झड घराला महिनोन्महिने झोडपत राहते. म्हणून जून लागायच्या आत मी त्या बाजूच्या खिडकीला निळा प्लास्टिकचा कागद ठोकायचो आणि आतून भिंतीला भाताची पोती रचायचो. वर्षाचं धान्यही नजरेसमोर राहतं आणि गारवाही अडतो. ही अक्कल वाडवडिलांची नव्हे, माझी स्वतःची. स्लॅबचं घर बांधल्यावर मला ती सुचली आणि विंझरपर्यंत भेटेल त्याला मी ती फुकट वाटलीही. पोरीची गादी त्या पोत्यांना अगदी लागून घालायचो, घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणून.

पोरगी तेव्हा दुसरीत होती. पाऊस लागला की तिला खोकला धरायचा. सकाळी उठली की छातीतून शिट्टी वाजायची. औषधाने दबायचा, पुन्हा उसळायचा. त्या वर्षी तिला आठवडाभर सारोळ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं, तर खोकला पळाला. घरी आणली आणि चार दिवसांत मूळ पदावर. मग सगळ्यांचं एकमत झालं की हिला वेल्ह्याची हवा सोसत नाही. नाव सारोळ्याच्या शाळेत घालायचं ठरलं. बायकोचं जेवणावरचं मन उडालं. मी मोठ्या शहाणपणाने तिची समजूत घालत होतो. आतून मात्र माझंच काळीज तुटत होतं.

शाळेतून दाखला काढण्याआधी एकदा भोरच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं. त्यांनी मला सोडून पोरीलाच विचारलं. शाळेत खोकतेस का? नाही. शेतावर? नाही. मग कुठे?

"घरात. गादीवर," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. हवा गावाची नाही, घरातली बघा, म्हणाले. घरात ओल कुठे आहे? मी छातीठोकपणे सांगितलं, ओल यायचा प्रश्नच नाही, भिंतीला पोती लावलीत. ते हसले नाहीत. आधी ती काढा, एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर बायको आणि मी पोती ओढू लागलो. चौथं पोतं सरकलं आणि ती मागे झाली. जमिनीपासून खांद्यापर्यंत भिंत बुरशीने काळी पडली होती. पोत्यांच्या पाठीवरही हिरवट लव धरलेली. असा कुबट वास सुटला, आणि इतकी वर्षं आम्ही त्याला पावसाचा वास म्हणत होतो! मला माझी लाज वाटली.

पोरीला शेजारी धाडलं. तोंडाला फडकी बांधून भिंत घासली, बाहेरच्या अंगाला सापडलेली चीर सिमेंटने बुजवली, कागद फाडून खिडकी उघडी केली. पोती पुढच्या खोलीत फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब गेली. गादी उगवतीच्या खोलीत. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप आणि औषध चालूच होतं. खोकला काही एका दिवसात गेला नाही. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोरगी उठल्या उठल्या आईशी वेणीवरून कडाकडा भांडली. एका दमात, मध्ये न थांबता. मला इतका आनंद झाला की मी भांडण सोडवायलाही गेलो नाही.

त्याच आठवड्यात बहीण तिला न्यायला एसटीने आली. मी तिला सगळं सांगितलं, धुतलेली भिंत दाखवली, आता पोरगी इथेच राहील म्हणालो. बहीण भिंतीकडे बघत राहिली.

"म्हंजी पोती हलवायला जड, आन् पोरगी हलकी व्हय रं?"

बायको, कितीतरी दिवसांनी, तोंडाला पदर लावून हसत होती.