मोठ्या लिफ्टची चावी

बाबा गेले त्या सकाळी त्यांना आम्ही अकराव्या मजल्यावरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. घणसोलीच्या त्या इमारतीत आम्ही भाड्याने राहत होतो. स्ट्रेचर मावेल अशी मोठी लिफ्ट तिथे होती. पण विजेचं बिल वाढतं म्हणून सोसायटी ती बंद ठेवायची, आणि चावी सेक्रेटरींसोबत त्यांच्या गावी गेली होती. छोट्या लिफ्टमध्ये बाबांची मान मी मागून धरून उभी होते. सहाव्या मजल्यावर दार उघडलं. तिथले शेजारी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मॉर्निंग, काका." आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेजाऱ्यांवर माझा राग नाही. लिफ्ट असून बंद ठेवणाऱ्यांवर आहे, आणि तो कमी होत नाही.

घरमालकाला जागा रिकामी हवी होती, म्हणून काही दिवसांनी आई आणि मी नेरुळच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बघायला गेलो. सेल्सच्या मुलाने खाडी दाखवली, स्विमिंग पूल दाखवला, सकाळी योगा करायची गच्ची दाखवली.

"मोठी लिफ्ट कुठाय?" आईने विचारलं.

"आहे ना आजी. जुनं कपाट आणायचंय का?"

"नाही. मला न्यायचंय."

तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

"ती कायम चालू राहणार का? चावी कोणाकडे असेल?" मी विचारलं.

"ते पझेशननंतर सोसायटी ठरवते, मॅम. एवढं निगेटिव्ह कशाला? लोक इथे राहायला येतात."

"राहणारी माणसंच मरतात, बाळा," आई म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावरचं दाखव. चौघं जिन्याने उतरवतील मला."

"पहिले सहा मजले पार्किंग आहे, आजी. फ्लॅट सातव्यापासून."

"गाड्यांना खाली जायची एवढी घाई?"

बुकिंगचा फॉर्म मी तसाच परत सरकवला. सत्तरीतल्या बाईला स्वतःच्या मरणाच्या मापाने घर बघावं लागतं, आणि त्यावर तो आम्हाला कॉफी विचारत होता.

आता शिरवण्याजवळ एका जुन्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरची जागा घेतली आहे. लिफ्ट नाही. खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. जागा बघायला गेलो तेव्हा आई घरात शिरण्याआधी जिन्याच्या वळणावर थांबली. दोन्ही हात पसरून तिने भिंतीपासून कठड्यापर्यंतचं अंतर पाहिलं.

"मावेन," म्हणाली.