माळावरच्या तळाचं कोठार

मी आज बी.ए. आहे तो नायगावच्या विठोबा गुरुजींमुळे. आमच्या घरात त्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म गुरुजींनीच भरला, मला नांदेडला सोडायलाही तेच आले.

गुरुजी मूळचे जळकोटकडचे. निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षी, तरुण असताना ते निलंग्यापलीकडच्या माळावर लढणाऱ्यांच्या छुप्या तळात होते. आता लातूर जिल्हा वेगळा झाला आणि लढलेल्यांची नवी यादी होऊ लागली, पण नाव द्यायला ते तयार नव्हते. “मी ज्वारीच्या पेरणीला म्हणून न सांगता घरी गेलो, तो परतलो नाही. पळालेल्याचं नाव यादीत नसतं. तू एवढं कर, तो तळ टिकला कसा ते विचारून ये.” गुरुजींनी मला पहिल्यांदाच काम सांगितलं होतं! नांदेडहून पहिल्या एस.टी.ने निघालो.

लातूरच्या स्टँडवर पाट्यांचा रंग अजून ओला होता. चहावाला खुशीत होता. “आता कागदासाठी उस्मानाबादचे हेलपाटे न्हाईत.”

निलंग्याच्या पुढे दुष्काळ उघडा पडला. ऊस जागेवर वाळलेला, विहिरींवर रिकाम्या घागरींच्या रांगा. तरी पुस्तकात वाचलेली लढाई मी बसच्या खिडकीतून शोधत होतो.

गुरुजींनी नाव सांगितलेले, तळावरचे शिवप्पा त्यांच्या गावी घरीच भेटले. सुनेनं तांब्या पुढे केला. मी रीतीप्रमाणे तो पायांवर ओतला.

“आवं, ते प्यायचं व्हतं,” ती म्हणाली.

मी मेल्याहून मेलो. अप्पा हसले. “असू दे, शिकलेला माणूस हाय.”

भाकरी आणि येसर (मसाल्याच्या पिठाचं कालवण) खाताना मी विचारलं, “अप्पा, तुमच्याकडे बंदुका किती होत्या?”

“बंदुकीचं काय घेऊन बसलास? मी कोठार सांभाळत होतो. निजामाच्या फौजेला दाणा सरकारातून यायचा, आमाला गावातून. पोरं लई आली अन् ज्वारी सरली. उपाशी माणूस पहारा देत न्हाई, झोपतो. मग निम्म्यांना हात जोडून पेरणीला धाडलं. पेरलं न्हाई तर पुढं खायचं काय?”

मी घास खाली ठेवला. “जळकोटकडचा विठोबा आठवतो?”

“न सांगता गेला त्यो? लई शिव्या घातल्या त्याला. आठ दिवसांनी त्या निम्म्यांना मीच धाडलं.” अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. “सुगीत त्याचा बाप गाडी घेऊन आला. वर कडबा, खाली ज्वारी. नाक्यावर शिपायांनी त्याच कडब्याची पेंढी आपल्या बैलांना घातली, पण खाली बघितलं न्हाई. ती ज्वारी आली नसती तर त्या महिन्यात तळ मोडला असता. पेरली कुणी, बापानं? पेरणीच्या वक्ताला त्याला तर दम्यानं उठवत नव्हतं.”

यादीसाठी साक्ष द्याल का, विचारलं. अप्पांनी माझ्याच वहीत सही केली, सावकाश, मोडीत.

परतताना निलंग्याच्या टपालात हे पत्र टाकलं:

“ती. गुरुजींना सा. न. गाडी पोचली होती. तुम्ही न सांगता गेलात, याचा राग शिवप्पांना अजून आहे. तो तुम्ही येऊन ऐकायचा. पण साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली आहे. लातूरहून आणलेल्या यादीच्या फॉर्मवर तुमच्या नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. ती मी भरणार नाही. फॉर्म तुम्हीच भरा.

तुमचा, महादू.”