उतारू

इम्तियाज गेल्याचं मला त्याच्या थोरल्या भावाकडून कळलं, तेही त्यांच्या दुकानात साबण घ्यायला गेलो तेव्हा. "इम्तियाज गेला... कतारला. दफनही तिथेच झालं," भाई म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला आता दीड महिना होईल. आमच्या राजिवड्यात जो भेटतो तो एकच बोलतो, फार उपयोगी माणूस होता. दोरीला, फडक्याला म्हणावं ते माणसाला म्हणतात, याचा मला संताप येतो.

आमची दोस्ती अठ्ठ्याण्णव सालची, कॉम्प्युटर क्लासातली. सर जेवायला गेले की आम्ही लढाईचा गेम लावायचो. इंग्रजीचा दोघांकडेही आनंदीआनंद! 'ड्रगून' लिहिलेलं आम्ही ड्रॅगन वाचलं आणि खजिन्यातलं सगळं सोनं ओतून एक तुकडी उभी केली. आता आग ओकणार म्हणून डोळे लावून बसलो, तर आले बंदूकवाले घोडेस्वार, आणि नदीकाठी पोचल्यावर खाली उतरून चक्क चालायला लागले. "मेल्या, हा कसला ड्रॅगन? हा तर एस्टीचा उतारू!" इम्तियाज हसून हसून लोळला. तेव्हापासून त्यांचं नाव उतारू.

त्याच उतारूंच्या जोरावर त्याने मला पुढे कित्येकदा धूळ चारली. मी त्यांना घोड्यावरूनच शत्रूवर घालायचो आणि भालेवाले त्यांची वाट लावायचे. तो त्यांना टेकडीमागून पळवत आणायचा, बांधाआड उतरवायचा, गोळ्या झाडून झाल्या की पुन्हा घोड्यावर, आणि चालले दुसऱ्या टोकाला. "घोडा पोचण्यापुरता. लढायचं ते पाय जमिनीला लावून," म्हणायचा. मग सगळी फौज उतारूंचीच का करत नाहीस, असं मी एकदा विचारलं. "सगळीकडे चालतो ना, म्हणून त्याला कोण बसू देत नाही रे. दमून पहिला तोच मरतो."

घरातला उतारू तोच होता. वडील आजारी, बोलाव इम्तियाजला. बहिणीचं लग्न, बोलाव. वादळात दुकानाचे पत्रे उडाले, बोलाव. काम झालं की पुन्हा विमानात, कतारच्या नोकरीवर. शेवटच्या सुट्टीत आरे-वारेच्या समुद्राकाठी कठड्यावर बसून म्हणाला, "आता उतरतो. इथेच सायबर कॅफे टाकतो." त्याच संध्याकाळी घरी भाईला सांगितलं तेव्हा मी समोर होतो. "एवढं एक वर्ष कर, मग बघू," भाई म्हणाला. "भाई, मला नाही जायचं." इतकं स्पष्ट. आज लोक कौतुकाने सांगतात, त्याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. म्हटलं होतं. ऐकलं कुणी नाही... आठवड्याभरात तो गेला, आणि तिकडे गोदामात काम करता करता कोसळला. घरच्यांच्या अडीनडीला ज्याला दर खेपेला धावत आणलं, त्याला इथली माती द्यायला मात्र आणवलं नाही. "एवढा खटाटोप करणार कोण?" हे भाईचे शब्द.

परवा भाईने मला रस्त्यात थांबवलं. "तुझ्या ओळखीत कोण माणूस आहे काय? दुकान, बँक, गाडी, सगळं बघणारा?" मी सरळ पुढे चालू लागलो.

जाण्याआधी इम्तियाजने माझ्या कॉम्प्युटरवर एक डाव अर्धा ठेवला होता. "आलो की पुरा करू, हात लावू नको." रविवारी मी तो नुसता उघडून बसतो. नदीपलीकडे शत्रू, अलीकडे बांधाआड त्याचे उतारू पाय रोवून उभे, घोडे मागे झाडीत. त्यांना पुन्हा घोड्यावर चढवायचं बटण खाली लुकलुकत असतं... मी ते दाबत नाही. कुणाला तरी उतरू दे.