टेबलाखालचा बर्फ

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच... नव्हतं.

रायपूरला गुढियारीत आमचं घर. समोरच्या खोलीत बसून मी ध्रुवाकडच्या समुद्रावरचा बर्फ खालून किती खडबडीत आहे ते मोजते. हसू नका! बर्फाखालून रोबो जातो, वर आवाज सोडतो, आकडे जहाजावरून माझ्या लॅपटॉपवर येतात अन् मी नकाशा करते.

मागच्या मे महिन्यातली भर दुपार. नकाशात मधोमध एक पट्टा कोराच, तेवढ्या भागात रोबोचा सेन्सर बंद पडलेला. जहाजावरून मोहिमेच्या प्रमुख सरांचा फोन आला, "आजूबाजूची सरासरी भर आणि पाठव. जाताना रोबो खोलातून गेला, परतताना बर्फाच्या अगदी जवळून आणायचाय." रोबो एकच. धडकून अडकला की मोहीम संपली.

माझे बाबा आता नाहीत. फर्निचर घेताना ते आधी खालून हात फिरवायचे. "वरून तं सगळंच चिकनं असते!" माझं टेबलही तसंच पारखून घेतलेलं. ती खोड माझ्यातही उतरली. विचार करताना हात आपोआप टेबलाखाली जातो.

तसा गेला अन्... अगं आई गं! बर्फ. ओला, खरबरीत. बोटं सरकवली तर स्क्रीनवरच्या कोऱ्या पट्ट्याच्या बरोबर खाली मोठा सुळका लोंबत होता. दचकून वाकून पाहिलं, तर कोरडं लाकूड.

तेवढ्यात आई पन्हं घेऊन आली. पेला देताना माझी बोटं लागली.

"काहून वं पोट्टे, हात एवढे थंडे? फ्रीज साफ करून राहिली होती का?"

लाईट गेलेली, कूलर बंद, मी घामानं निथळत होते. बोटं मात्र लाल, बधीर.

मी सरांना फोन लावला. "सरासरी भरणार नाही. त्या पट्ट्यात रोबो खोलातूनच आणा."

"कारण?"

"सांगता येत नाही सर. पण नकाशा माझ्या हातचा असेल तर असाच जाईल."

सर जाम चिडले. म्हटलं, चिडू देत, मी काही हटत नाही. शेवटी वैतागून त्यांनी रोबो खोलातून आणला.

येताना सेन्सर चालू होता. कोऱ्या पट्ट्यात सुळका निघाला... सरांनी ठरवलेल्या वाटेच्या बराच खाली उतरलेला. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. बाबांची इतकी आठवण आली की मी फोनच ठेवून दिला.

त्यानंतर टेबलाखाली थर्मामीटर लावून पाहिला, टेबल उलटं करून पाहिलं. काही नाही. बाबांनी घेतलं तेव्हाइतकंच गुळगुळीत आहे. पण नकाशात कोरा पट्टा आला की अजूनही मी सरासरी भरत नाही. आधी खालून हात फिरवते.